रीडिंग तू घे, मी लिहिते

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली, ती म्हणजे ‘मला जमेल’ हा विश्वास आणि अभ्यासाची ओढ यांत मुलगे-मुलींत फरक असतो का. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली. सांगलीत एकतीस वर्षं फिजिक्स शिकवताना त्या पत्रातली मुलगी मी दर वर्षी वर्गात पाहिली आहे, आणि त्याआधी ती मी स्वतः होते.

प्रश्न : मॅडम, मी पलूस तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने सांगलीला येते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए १० पैकी ८.९ आहे, पण ते सगळं पाठांतर आहे असं मला वाटतं. कॉलेजात एका कंपनीच्या इंटर्नशिपचे फॉर्म आले होते. ७ च्या वर असणाऱ्या कुणालाही भरता येत होता. मी भरला नाही, मुदत गेली. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या एका मुलाचे मागच्या वर्षी दोन विषय राहिले होते, आता सुटलेत. त्याने पहिल्याच दिवशी भरला. ‘बघू की, जमेल,’ म्हणाला. मला असं म्हणताच येत नाही. प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि पीपीटी मी केलं, कोडिंग त्या दोघांनी. मुलाखतीत कोडवर विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? पुढच्या सत्रात आणखी दोन कंपन्या येणार आहेत. मुलींचा आत्मविश्वास मुळातच कमी असतो का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ८.९ हा आकडा तू एका वाक्यात सांगितलास आणि लगेच दुसऱ्या वाक्यात तो खोडलास. पाच सत्रं, प्रत्येक सत्राला पाच-सहा विषय, गणितापासून डेटाबेसपर्यंत. पोरी, नुसत्या पाठांतरावर एवढे पेपर निघत नाहीत. त्या मुलाने दोन राहिलेले विषय ‘आता सुटलेत’ असे मोजले, तू सगळे सुटलेले विषय ‘पाठांतर’ म्हणून बाजूला ठेवलेस. दोघांसमोर पुरावा आहे, फक्त तो वाचायची रीत वेगळी आहे.

मी वर्गात बरीच वर्षं एक गोष्ट करायचे. चाचणीचा पेपर देण्याआधी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायला सांगायचे, की वीसपैकी किती पडतील असं वाटतं. तपासून झालं की दोन्ही आकडे शेजारी शेजारी. एका मुलीने ११ लिहिले होते, पडले १८. तिच्यामागच्या बाकावरच्या मुलाने १६ लिहिले होते, पडले ९. दर वेळी असंच व्हायचं असं नाही. नेमका अंदाज बांधणाऱ्या मुली होत्या, स्वतःला कमी धरणारे मुलगेही होते. पण पेपरांचा गठ्ठा घरी घेऊन बसले की कल कुठे आहे ते दिसायचं. १८ वाली मुलगी मला म्हणाली, ‘मॅडम, पेपर सोपा होता.’ ९ वाला म्हणाला, ‘मॅडम, वाचलंच नव्हतं.’ नीट बघ, तिने आपलं यश पेपरच्या खात्यावर टाकलं आणि त्याने आपलं अपयश आळसाच्या. तिच्या हाती काही उरलं नाही. त्याचं ‘मला येतं’ मात्र शाबूत राहिलं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. आत्मविश्वास हा शब्द फार मोठा आणि सैल आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली त्यातली एक नेमकी गोष्ट वेगळी काढून दाखवली, ती म्हणजे ‘हे एवढं काम मला जमेल’ हा विश्वास. इंग्रजीत त्याला सेल्फ-एफिकसी म्हणतात. तो कामाकामाला वेगळा असतो. स्टेजवर न घाबरता बोलणारी मुलगी सोल्डरिंग गनला हात लावायला कचरते, ते यामुळेच. हा विश्वास चार वाटांनी येतो, असं बांडुरांनी मांडलं. आपण स्वतः काम तडीस नेलेलं असणं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, भरवशाच्या माणसाने ‘तू करशील’ असं सांगणं, आणि त्या घडीला आपलं शरीर काय सांगतंय, म्हणजे छातीतली धडधड, हाताला सुटलेला घाम. यातली पहिली वाट सगळ्यांत पक्की.

आणि तुझी नेमकी तीच वाट बंद झाली आहे. रिपोर्ट तू, कोडिंग ते. ही वाटणी मला चांगली माहीत आहे.

मी बी.एस्सी.ला असताना प्रॅक्टिकलला तिघांचा गट असायचा, दोन मुलगे आणि मी. डार्करूममध्ये सोडियमचा दिवा लागला की मुलगे आळीपाळीने स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे प्रिझममधून आलेल्या प्रकाशाची रेघ बघून कोन मोजायच्या उपकरणाला, डोळा लावायचे आणि मी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात वही धरून उभी. माझं अक्षर चांगलं होतं ना! ‘रीडिंग तू घे, मी लिहिते,’ हे मीच म्हणायचे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. जर्नलला पैकीच्या पैकी मार्क.

शेवटच्या वर्षी परीक्षेत चिठ्ठी उचलली, प्रिझम निघाला. सूत्र, कृती, आकृती मी डोळे मिटून लिहिली. उपकरणासमोर बसले आणि टेलिस्कोपमध्ये नुसता काळोख. स्लिट, म्हणजे उजेड आत सोडणारी फट, किती उघडायची, प्रिझमची कुठली बाजू दिव्याकडे ठेवायची, काही सुचेना. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले तसा स्क्रूवरचा हात थरथरायला लागला. शेवटी मी म्हणाले, ‘सर, रेघ दिसत नाही.’ त्यांनी काही न बोलता लावून दिली आणि मार्क कापले. पास होण्यापुरते मिळाले. त्या दिवशी घरी जाताना एकच वाक्य डोक्यात होतं, आपल्याला फिजिक्स येत नाही. खरं तर फिजिक्स येत होतं. त्या पितळी चकतीला माझा हात कधी लागला नव्हता, एवढंच होतं.

कसाबसा एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांना विनंती केली, की रोज तासभर डार्करूम उघडून द्या. चौथ्या दिवशी रेघ मिळाली. प्रिझमचं टेबल हळूहळू फिरवलं की ती पिवळी रेघ एका बाजूला सरकत जाते. मग मंदावते, थांबते, आणि टेबल त्याच दिशेने फिरवत राहिलं तरी ती उलट चालायला लागते. ती जिथून वळते तिथे किमान विचलनाचा कोन, म्हणजे प्रिझममधून जाताना प्रकाश कमीत कमी वळतो ती जागा. हे वाक्य मी जर्नलात कितीदा लिहिलं असेल! रेघ माझ्या बोटाच्या तालावर वळताना मात्र पहिल्यांदाच पाहिली. तीनदा मागे नेली, तीनदा पुढे आणली. मामा दारात येऊन म्हणाले, ‘ताई, वेळ झाली,’ तरी उठवेना. पुढे शिकवायला लागल्यावर मी पहिला नियम केला, की प्रत्येक तासाला वही आणि उपकरण यांची अदलाबदल झालीच पाहिजे. मुलीच आधी कुरकुरायच्या.

म्हणून तुला एवढंच सांगते. झालेल्या प्रोजेक्टमधला एक छोटा भाग निवड, समज लॉगिनचा किंवा शोधण्याचा. त्या मुलांचा कोड न उघडता कोऱ्या फाइलपासून स्वतः लिही. अडशील, एरर येतील, दोन संध्याकाळी फुकट गेल्यासारख्या वाटतील. एरर आला की लगेच त्यांना फोन करू नकोस, आधी अर्धा तास स्वतः झगड. कुणाला दाखवायला बसलीस तर कीबोर्ड आपल्या हातात ठेव. ‘सरक, मी करतो’ म्हणत कुणी पुढे झालं तर ‘तू तोंडाने सांग, टाइप मी करते’ म्हण. तो भाग चालला की पुढचा घे. पुढच्या सत्रातल्या कंपन्या येईपर्यंत असे चार भाग तुझ्या हातून झाले, तर मुलाखतीत कोडवर काय सांगायचं हा प्रश्न उरणार नाही.

दुसरं. मोठ्या नावांनी ऊर भरून येतो, ते खरं आहे. स्मृती मानधना आपल्या सांगलीत खेळून मोठी झाली, तिचा प्रत्येक चौकार आपल्या घरचा वाटतो. पण ‘तिला जमलं तर मला जमेल’ असं मनाला पटायला ती व्यक्ती आपल्याजवळची लागते. तुमच्याच कॉलेजातली, गेल्या वर्षी इंटर्नशिप मिळालेली, तासगाव नाहीतर विट्याहून एसटीने येणारी एखादी सीनियर शोध. तिला मुलाखतीत काय विचारलं ते विचारच, पण ती कुठे अडली होती तेही विचार.

आणि मुलींचा विश्वास मुळातच कमी असतो का? नसतो. २०१३ साली तैवानच्या एका संशोधकाने अभ्यासातल्या सेल्फ-एफिकसीवर झालेले १८७ अभ्यास एकत्र करून तपासले. सगळे विषय मिळून फरक मुलग्यांच्या बाजूने निघाला खरा, पण केवढा? संख्याशास्त्राच्या मापाने ०.०८. म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी अशा शंभर जोड्या चिठ्ठ्या टाकून काढल्या, तर साधारण ५२ जोड्यांत मुलाचा आकडा वर असेल आणि ४८ जोड्यांत मुलीचा. विषयवार पाहिलं की चित्र बदलतं. भाषेत मुली वर, गणित आणि कॉम्प्युटरमध्ये मुलगे वर. गणितातला फरक तर लहानपणी दिसतच नाही, तो किशोरवयाच्या शेवटी-शेवटी दिसायला लागतो. जन्माचाच असता तर पहिलीच्या पाढ्यांपासून दिसला असता की.

पुढच्या सत्रात फॉर्म आला की पहिल्या दिवशी भर. विश्वास आल्यावर भरते असं म्हणू नकोस, भरल्यानंतर तो यायला लागतो. मुलाखतीला बसताना छाती धडधडेल. तुझ्या शेजारी बसलेल्या मुलाचीही धडधडत असेल, तो सांगणार नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी माण तालुक्यात ग्रामपंचायतीत नोकरीला आहे. मुलगी साताऱ्याला बी.एस्सी. करते, मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलीला कधी ‘अभ्यास कर’ म्हणावं लागलं नाही. मुलगा ढकलल्याशिवाय पुस्तक उघडत नाही, कॉलेजला दांड्या मारतो. ६० टक्के पाडलेस तर मोटरसायकल घेऊन देतो, असं सांगून पाहिलं. आठ दिवस अभ्यास केला, पुन्हा तेच. संध्याकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन बसतो, तिथे मित्र आहे. मुलग्यांना अभ्यासाची ओढच नसते का? काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुमच्यासारखी तक्रार घरोघर आहे आणि आकडेही तेच सांगतात. २०२५ च्या बारावीच्या निकालात आपल्या राज्यात ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. हे एका वर्षापुरतं नाही, दर वर्षी निकालाच्या दिवशी तीच बातमी असते. जगभरातल्या शाळा-कॉलेजांतल्या मार्कांचा मोठा आढावा २०१४ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी घेतला, त्यातही सगळ्याच विषयांत मुलींचे मार्क वर निघाले. भाषेत फरक सर्वांत जास्त, गणितात सर्वांत कमी.

पण मार्क वेगळे आणि ओढ वेगळी. आधी मुलीबद्दल बोलते, कारण तुम्ही तिच्याबद्दल निश्चिंत आहात. ती आपणहून अभ्यास करते, ते विषय आवडतो म्हणून की ‘मार्क कमी पडले तर घरी बसावं लागेल’ या धास्तीने? माझ्याकडे कितीतरी मुली निकाल हातात घेऊन रडत आल्या, आणि मार्क होते ७८ टक्के. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, ७८ वर पुढचं शिक्षण मिळेल की नाही याची भीती होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती मेहनती दिसते. तुमच्या घरी असं काही नसेलही. तरी एकदा तिला विचारा, की बेटा, यातला कुठला विषय तुला मनापासून आवडतो? उत्तर द्यायला तिला वेळ लागला तर थांबून राहा.

आता मुलगा. एडवर्ड डेसी नावाच्या संशोधकाने १९७१ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना जोडकोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. नंतर पैसे बंद करून त्यांना मोकळा वेळ दिला, तेव्हा पैसे मिळालेले विद्यार्थी कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावू लागले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचं तसं झालं नाही. बक्षीस मिळायला लागलं की काम हे बक्षिसापर्यंत पोचायचं साधन होतं. तुमची मोटरसायकल आठ दिवस पुरली, ती याचसाठी. ६० टक्के म्हणजे सहा महिन्यांनंतरची गोष्ट, आणि रोजच्या पानाशी तिचा काही संबंध नाही.

आणखी एक बाब मुलग्यांत जास्त दिसते, पुष्कळ अभ्यासांतही तसंच आढळलं आहे. मुद्दाम अभ्यास न करणं. अभ्यास केला नाही म्हणजे नापास झाल्यावर ‘केला असता तर निघालो असतो’ म्हणता येतं. अभ्यास करूनही राहिलं तर काय म्हणायचं? ज्या मुलाला घरात लहानपणापासून ‘तू काय, करशील’ असं सांगितलं गेलं, त्याला ‘मला येत नाही, समजावून सांगा’ म्हणणं फार जड जातं. मुली रडतात तरी, बाईंकडे येतात तरी. मुलगे येतच नाहीत, आणि आपण त्याला आळस म्हणून मोकळे होतो. त्याला पहिल्या वर्षी कुठला विषय कळला नव्हता ते शांतपणे विचारा. माझा अंदाज, तिथेच गाठ असेल.

आणि त्या दूध केंद्राबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तो तिथे नुसता बसतो की काम करतो? एक दिवस जाऊन पाहा. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांच्या नोंदी, त्यावरून दर, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची उचल वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती, हे जर तो करत असेल, तर बी.कॉम.च्या पुस्तकात जमा-नावे म्हणून जे छापलंय ते त्याच्या हातून रोज होतंय. कोणी त्याला ते सांगितलेलं नाही. त्याच्याकडून एका शेतकऱ्याचं महिन्याचं खातं समजून घ्या. तुम्ही विचारा, त्याला शिकवू दे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. पोरांना खायला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. राबता राबता शिकलेली ती पोरं आपल्या भागात शिक्षक झाली, अधिकारी झाली. हातचं काम आणि पुस्तक यांच्यात भिंत नाही, हे तुमच्या सातारा जिल्ह्याने फार आधी ओळखलं होतं. तेव्हा केंद्रावर जायचं बंद करू नका. फक्त कॉलेजची हजेरी आणि केंद्राची वेळ यांचा मेळ त्याच्याकडूनच बसवून घ्या, आणि मोटरसायकलचा विषय काही दिवस बोलूच नका.

बहिणीशी तुलना मात्र आजपासून बंद करा. तुलनेने त्याला बळ येत नाही आणि तिच्यावरचं ओझं वाढतं.

प्रश्न : मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात शिकवतो. विद्यापीठातील विद्यार्थ्यांची सेल्फ-एफिकसी आणि अभ्यासाची प्रेरणा यांतला मुलगा-मुलगी फरक या विषयावर छोटं संशोधन करतो आहे. या दोन्हींच्या मोजणीत मुलींचे आकडे कमी येतील असं गृहीतक मांडलं तर योग्य होईल का? प्रश्नावली करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : सर, सरसकट ‘कमी येतील’ असं मांडू नका. कुठल्या विषयात, कुठल्या वर्षाला, कुठल्या मुली, हे आधी ठरवा. २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत देशात ४.३३ कोटी विद्यार्थी नोंदले गेले, त्यांत २.०७ कोटी मुली. म्हणजे जवळजवळ निम्म्या. पण कला शाखेचा वर्ग आणि मेकॅनिकलचा वर्ग यांत त्या निम्म्याने बसलेल्या नसतात. साठ मुलग्यांत बसलेल्या सहा मुलींची उत्तरं आणि मुलींच्याच कॉलेजातल्या साठ जणींची उत्तरं एका टोपलीत घातलीत, तर सरासरी निघेल पण अर्थ लागणार नाही.

प्रश्न नेमके ठेवा. ‘मी हुशार आहे’ याला सहमत-असहमत विचारून सेल्फ-एफिकसी मोजली जात नाही. ‘या प्रकरणातली दहापैकी सात उदाहरणं मी कुणाच्या मदतीशिवाय सोडवू शकेन, याची खात्री ० ते १०० मध्ये किती?’ असं विचारा. बांडुरांनीही दहा-दहाच्या टप्प्यांची अशीच पट्टी सुचवली होती. प्रेरणेच्या भागात आवड, घरचा दबाव, नोकरीची गरज आणि ‘मी इथे का आहे तेच कळत नाही’ ही अवस्था यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवा, त्यांची एकत्र बेरीज करू नका. वर्गात भरून घेत असाल तर नावं नकोत, आणि शेजारच्याचा कागद दिसणार नाही असं बसवा.

एक प्रश्न माझ्या आग्रहाखातर घाला. ‘मागच्या सत्रातल्या प्रॅक्टिकलच्या तासांपैकी किती तासांना उपकरण किंवा कीबोर्ड तुमच्या हातात होता?’ मुलगे आणि मुली यांची या प्रश्नाची उत्तरं आधी वेगळी काढून बघा, आणि मग सेल्फ-एफिकसीचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवा. काय निघतं ते मला कळवा, मी वाट बघते.